उन्हाळा, दोरा आणि फावला वेळ

उन्हाळा आला की आपल्या भागातल्या घरांत दोन प्रकारची कामं निघतात. एक गच्चीवरचं आणि दुसरं मांडीवरचं. गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया वाळत पडतात. मांडीवर क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा येतो. गच्चीवरच्या कामाला घरात मान असतो, कारण ते पुढे वर्षभर ताटात दिसतं. मांडीवरच्या कामाबद्दल मात्र ‘बसलीय काहीतरी करत’ एवढंच म्हटलं जातं. या ‘काहीतरी’बद्दलच मला आज लिहायचं आहे.

आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली चौथी-पाचवीच्या सुट्टीत क्रोशा शिकल्या. मीही त्यातलीच. शहापुरातल्या आमच्या घरात टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेला मणी लावलेला रुमाल. दारावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं तोरण. ती अक्षरं कशी येतात याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. मग आईने आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून दाखवले. भरलेला चौकोन म्हणजे चार खांब लागोपाठ, रिकामा चौकोन म्हणजे दोन खांब आणि मधे दोन साखळ्या. एवढ्या दोन गोष्टींतून अक्षर होतं, मोर होतो, देवळाचं शिखरही होतं. शाळेत आलेखाचा धडा आला तेव्हा तो मला अवघड गेला नाही, त्याचं श्रेय त्या तोरणाला आहे.

आई स्वतः क्रोशा शिकली ती शेजारच्या अक्कांकडून. अक्का कन्नड. त्यामुळे आमच्या घरात साखळी, खांब, मुका खांब हे शब्द मराठी, पण टाक्यांची मोजणी कन्नड. ओंद, एरड, मूर, नाक, ऐद... आईचा बाकी सगळा हिशेब मराठीतून चालायचा, दूधवाल्याशी आणि देवाशीसुद्धा. पण सुई हातात आली की आकडे अक्कांचे. ते मला जसेच्या तसे मिळाले. आजही परीक्षेचे गुण मी मराठीत मोजते आणि टाके कन्नडमध्ये. सीमाभागातल्या वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. पुण्याच्या मावशीला मात्र हे ऐकून हसू आवरत नाही.

पुढे लग्न होऊन मी धारवाडच्या कन्नड घरात गेले, तेव्हा हे आकडे कामी आले. पहिल्याच उन्हाळ्यात मी पडवीत बसून तोंडातल्या तोंडात मोजत होते. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तींनी, तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि विचारलं, “यार कलिसिदरवा?” कुणी शिकवलं गं? मी अक्कांची हकिगत सांगितली. त्या दिवसापासून मी त्या घरात थोडी कमी परकी झाले.

क्रोशा हा उन्हाळ्यातलाच छंद का, याची कारणं साधी आहेत. लोकर मे महिन्यात हातात धरवत नाही, घामाने बोटांना चिकटते. क्रोशाचा दोरा सुती, गार, आणि काम मांडीवर मावण्याएवढं. दुसरं असं की दोन सुयांच्या विणकामात शंभर-दीडशे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली की पंचाईत. क्रोशात कोणत्याही क्षणी उघडा असतो तो एकच फास. कुकरची शिट्टी झाली, दार वाजलं, वळीव आला म्हणून गच्चीवर धावायचं झालं, की तो फास जरा मोठा ओढून काम खाली ठेवता येतं. बाईच्या दुपारीचे किती तुकडे होतात हे ज्याने कुणी पाहिलं असेल, त्यानेच ही कला काढली असावी! आणि मन बदललं तर टोक ओढत जा, सगळं उसवतं. दोरा पुन्हा गुंड्यावर. पैसा वाया जात नाही, गेला तर वेळ जातो. पण वेळेचं पुढे बोलू.

आमच्या ओळखीच्या गणिताच्या एका प्राध्यापकांनी तर क्रोशाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. गोल रुमाल विणताना दर फेरीला ठरावीक टाके वाढवले की तो सपाट बसतो, कमी वाढवले तर टोपीसारखा आत वळतो, जास्त वाढवले तर कडेला झालर सुटते. त्या झालरीला आपण ‘बिघडलं’ म्हणतो. डायना टायमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९७ मध्ये नेमकी तीच झालर मुद्दाम विणली. भूमितीतला एक वक्र पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात देता यावा म्हणून. कागदाची प्रतिकृती फाटायची, क्रोशाची टिकली. हे सांगितल्यावर आमच्या कॉलेजातल्या दोन मुलांनीही सुई मागून घेतली. मुलींनी नव्हे, मुलांनी.

आता अत्तींकडे येते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

अत्तींच्या माहेरच्या ट्रंकेत एक काळी चंद्रकळा आहे. तिच्या पदरावर कसुती. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती. कसुती हे आपल्या शेजारचंच, धारवाड-हुबळीकडचं भरतकाम. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत असा त्याचा अर्थ सांगतात. कापडावर आधी काही छापायचं नाही, आखायचं नाही. कापडाचे धागे मोजत जायचं. टाके चारच. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत जाताना एक सोडून एक टाका घालायचा आणि त्याच वाटेने परत येताना मोकळ्या जागा भरायच्या, त्यामुळे कापड उलटं केलं तरी तीच नक्षी. मुरगीही तशीच दोन्हीकडून सारखी, फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी. नेगी म्हणजे विणकर विणतो तशी दिसणारी. मेंथी म्हणजे मेथीदाण्यांसारखे फुलीचे टाके. आणि सगळ्यात कडक नियम असा की गाठ मारायची नाही. ना सुरुवातीला, ना शेवटी. गंमत म्हणजे ‘गवंती’ हे नाव गाठीवरूनच आलं असं म्हणतात.

हल्ली दुकानात ‘कसुती’ म्हणून मिळणारं पुष्कळसं काम यंत्रावरचं असतं. ओळखायचं असेल तर साडी उलटी करून बघावी. यंत्राचं काम मागून झाकलेलं, दुसऱ्याच धाग्याने भरलेलं दिसतं. दुकानदाराला आवडत नाही, पण बघावं.

मी अत्तींना म्हटलं, मला हे शिकवा. त्या म्हणाल्या, “ब्याड.” नको. का, तर “कण्ण होगताव.” डोळे जातात. पुढच्या उन्हाळ्यात विचारलं, तेच उत्तर. असं कितीतरी वर्षं चाललं. एरवी अत्ती मायाळू. होळगीचं कणकीचं प्रमाण मला हात धरून शिकवणाऱ्या. पण कसुतीचं नाव काढलं की चेहरा बंद व्हायचा.

उलगडा केला तो ह्यांच्या चिक्कम्मांनी, एका लग्नघरात, रात्री सगळ्या आडव्या झाल्यावर. अत्ती नव्या नवरी होत्या तेव्हा, १९७० च्या दशकात, घरात ओढगस्त होती. एक व्यापारी साड्या आणून द्यायचा, अत्ती त्यावर कसुती करून द्यायच्या. नगावर पैसे. दिवसभराचं घरकाम आटोपल्यावर दिव्याखाली बसायचं, ते मध्यरात्रीपर्यंत. एका पदराला महिना-महिना जायचा. त्या पैशातून धाकट्या दिरांच्या कॉलेजची फी भरली गेली, माडीची कौलं बदलली. पण घरात कुणी पाहुणा आला आणि सुनबाई काय करतात म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. “होत्त होगलिक्क.” वेळ जावा म्हणून! सुनेच्या कमाईवर घर चालतं असं दिसू नये म्हणून घराने एक छंद तयार केला आणि तो अत्तींच्या नावावर लावला. पुढे मामंजींची नोकरी कायम झाली, त्या दिवशी अत्तींनी सुया देऊन टाकल्या.

मी अर्थशास्त्र शिकवते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात घरकाम मोजलं जात नाही, हे वाक्य दरवर्षी फळ्यापाशी उभी राहून म्हणते. त्यातही एक मौज आहे. पुस्तकी नियमाप्रमाणे घरच्यासाठी विणलेला स्वेटर उत्पादनात धरायला हवा, कारण ती वस्तू. पण घरच्यासाठी रांधलेला भात धरत नाहीत, कारण ती सेवा. मुलं हसतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं, असं आढळलं. हे आकडे सांगितले की मुली हसायच्या थांबतात.

आणि मग मी नरसापूर सांगते. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना लेस विणायला शिकवलं. हळूहळू पंचक्रोशीतल्या हजारो घरांत क्रोशा शिरला आणि तिथली लेस परदेशांत जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या बायका रोज तासन् तास जागतिक बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार कुणीच म्हणत नव्हतं. त्या ‘घरी बसलेल्या’ गृहिणी, आणि विणकाम हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. एकदा वेळेला फावला म्हटलं की त्याचे पैसे कमी दिले तरी चालतात. नरसापूरच्या या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मानांकन लेसला मिळतं; विणणारीच्या तासाचा दर त्याने आपोआप ठरत नाही.

चिक्कम्मांनी ती गोष्ट सांगितल्यावर पुढच्याच वर्षी हा धडा शिकवताना नरसापूरऐवजी माझ्या तोंडात धारवाड येत होतं.

आज परिस्थिती उलटी झाली आहे असं कधीकधी वाटतं. पूर्वी कमाईला छंद म्हणायचे, आता छंदाला कमाई म्हणायला लावतात. मी एखादं तोरण पूर्ण केलं की बघणारा पहिलं वाक्य म्हणतो, “मॅडम, हे विकत का नाही तुम्ही?” कौतुकच असतं ते, मला कळतं. तरी एकदा मी हिशेब मांडून बघितला. चार फुटांच्या तोरणाला माझ्या हाताला ४० तास लागतात. एका प्रदर्शनात तसल्याच तोरणाला गिऱ्हाईक ४०० रुपये देऊ करत होतं, तेही घासाघीस करून. तासाला दहा रुपये, त्यातून दोरा वजा! शेजारी यंत्रावरची लेस स्वस्त मिळते हे त्याचं कारण. वास्तविक क्रोशाचा टाका जसाच्या तसा घालणारं यंत्र अजून बाजारात नाही. यंत्रावरची ‘क्रोशा लेस’ दिसायला तशी असते, विण वेगळी असते. ज्यांना यातून पोट भरायचं आहे त्यांनी जरूर विकावं, आणि आपण घासाघीस न करता घ्यावं. पण मला विकायचं नाही. उन्हाळ्यातल्या दोन तासांचं मी काय केलं, हे मला कुणाला दाखवायचं नाही. पगारी बाई असल्यामुळे मला असं म्हणणं परवडतं, हेही खरं.

२०२३ च्या मार्चमध्ये अत्तींच्या दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा त्या आमच्याकडे बेळगावला राहायला आल्या होत्या. महिना-दीड महिन्याने चष्मा आला आणि अत्तींना भिंतीवरच्या पालीचे डोळेसुद्धा दिसायला लागले. शाळेला सुट्टी लागलेली. मुलगी माझ्याकडून क्रोशा शिकत होती, मी एका रुमालाची कड विणत होते. अत्ती खिडकीशी बसून आमच्याकडे बघत होत्या. दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, जाडसर सुती कापड आहे का घरात, धागे मोजता येतील असं? आणि लाल दोरा?

माझ्या जुन्या हातमागाच्या ओढणीचा एक तुकडा दिला. खडेबाजारातून दोरा आणला. अत्तींनी सुई ओवली, कापड उन्हाकडे धरलं, धागे मोजले आणि गोपुराच्या पायाचा पहिला टाका घातला. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी. हाताला काही विसर पडला नव्हता. मुलीने विचारलं, “अज्जी, यारिगे माडाकत्ती?” कुणासाठी करतेस?

अत्ती म्हणाल्या, “ननग.” माझ्यासाठी.

मी विणत होते ते विणतच राहिले. पण पुढचे टाके मोजले नाहीत.

ते गोपुर करायला त्यांनी सगळा मे महिना घेतला. कधी दुपारी अर्धा तास, कधी तीन दिवस हातसुद्धा लावायचा नाही. मधेच उठून गप्पा मारायला शेजारी जायच्या. शिखर झालं, कळस झाला. मुलगी म्हणाली आता बाजूला हत्ती काढ. अत्ती म्हणाल्या, “साकु.” पुरे. त्या तुकड्याला ना पदर झाला, ना उशीचा अभ्रा. तो घडी करून त्यांच्या पेटीत, चंद्रकळेच्या वर ठेवलेला आहे. आणि हो, त्या उन्हाळ्यात मला गवंती शिकवली, न मागता.

तेव्हापासून उन्हाळ्यात आमच्याकडे शनिवारी दुपारी चार-पाचजणी जमतात. शेजारच्या काकू, कॉलेजातल्या दोन सहकारी, कधी एखादी विद्यार्थिनी. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, उरलेलं खाण्याबद्दल. ज्यांना घरी सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन-तीन गोष्टी लिहिते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे दुकानात गेल्यावर भल्याभल्यांना उलटं वाटतं. ४० नंबरच्या दोऱ्याचा रुमाल सुंदर दिसतो, पण शिकायला तो घेऊ नये. १० नंबर घ्यावा आणि त्याला साजेशी जाड सुई. मुलांना तर मऊ जाड सुती दोरा आणि चार मिलिमीटरची सुई द्यावी, अर्ध्या तासात बोटाएवढं काहीतरी तयार होतं आणि मूल टिकतं. कसुती शिकायला मॅटीचं कापड सोपं, कारण त्यात घरं मोजता येतात. उजेड दिवसाचा असावा. रात्री दिव्याखाली कसुती करू नये, असा आमच्या घरचा नियम आहे; तो कुणी केला हे सांगायला नको.

या वर्षी आम्ही कौदी धरली आहे. आपण वाकळ म्हणतो, गोधडी म्हणतो, पलीकडे कौदी म्हणतात, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी म्हणतात. नावं चार, काम तेच. जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा. सिद्दी बायकांची पद्धत मला फार आवडते. त्या कडेच्या कोपऱ्यापासून सुरू करतात आणि फेरी घेत घेत मध्यापर्यंत येतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावतात. आम्ही तसंच करतो आहोत. आईचं एक इरकली लुगडं, अत्तींच्या दोन इळकल साड्या (नाव वेगळं, माग एकच), मुलीचे लहानपणचे फ्रॉक. मोठी कौदी जमिनीवर पसरून चारजणी चार बाजूंनी बसलो की चार जणींचे टाके चार तऱ्हेचे दिसतात. काकूंचे बारीक, माझे लांब, मुलीचे वाकडे. अत्ती आता सुई फारशी धरत नाहीत, पण कोणत्या तुकड्याशेजारी कोणता यावा हे त्याच ठरवतात आणि त्यावर अपील नाही.

मृग लागायच्या आत संपवायची आहे, एकदा हवा दमट झाली की कापड वाळत नाही. दोन कोपरे झालेत. दोन राहिलेत, आणि मधला सगळा भाग.